हळदीखालचा शिक्का

भैरोबाची आन घिऊन सांगते, ह्यातला शब्द न शब्द खरा हाय. ज्याला पटत न्हाई त्यानं तिसगावला यावं, मशीन दावते.

माझी नातसून अश्विनी. घरामागच्या पत्र्याच्या शेडात ती सुप्याच्या एका कंपनीची इलेक्ट्रॉनिक कार्डं तपासून देती. तपासायचं मशीन आमच्या मालकांचं. त्यांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान हुतं, तवा नगरच्या एका कारखान्यानं मोडीत काढलेलं त्यांनी उचलून आनलं. काचेवर हिरवी लाट पळती. वजनाला वासरू.

तर कंपनीचा साहेब म्हनला, "गुरुवारी बघायला येतो. मशीन बरोबर मापतंय, असा मान्यता असलेल्या लॅबचा कागद पाहिजे. नसला तर काम दुसरीकडं." बाजारातल्या वजनांवर शिक्का मारून आनत्यात ना, तसलंच. नवं मशीन यायला महिना लागनार. तीन वर्सं एकटीनं उभं केलेलं काम, पोरीला घास गिळंना.

तिनं पुन्या-मुंबईच्या लॅबांना फोन लावले. एक म्हनला मॉडेल जुनं, दुसरा म्हनला त्याचं माहितीचं पुस्तक न्हाई. तिसरा म्हनला, "मॅडम, हे म्युझियमला द्या."

म्या फोन हिसकून घेतला. "बाळा, मीबी त्याच्यापेक्षा जुनी हाय. मलाबी धाडतूस का तिकडं?"

त्यानं फोन ठिवला. शेवटी पुन्यातला एक म्हनला, घिऊन या, बघतो, पन कागदाची हमी न्हाई.

आता आमच्यात लेक घराबाहेर धाडायची तर न्हाऊमाखू घालून. म्या खोबरेल आन् चिंधी घिऊन बसले. माझी जाऊ बायडाबाई दर खंडेनवमीला त्या मशीनला हळदीकुंकवाचा असा लेप द्यायची, की पाठीवर पिवळा पापुद्राच धरला हुता.

"आजी, पानी लावू नका हां," अश्विनी म्हनली.

"तेल हाय. गप बस."

पापुद्रा निघाला आन् खाली कागदाचा शिक्का. 'तपासले', तारीख, नगरच्या एमआयडीसीतल्या लॅबचा पत्ता आन् सही, रविकांत. त्यावरचा फोन नंबर लागंना. पन पत्ता तर हुता.

"पुनं राहू दे. नगरलाच जाऊ," म्या म्हनलं.

सोमवारी सकाळच्या एसटीत मशीन गोधडीत गुंडाळून मांडीवर घेतलं. कंडक्टर म्हनला, "आजी, लेकरू केवढं?"

"चाळीस वर्सांचं."

"मंग तुमी फुकट, त्याचं फुल तिकीट."

नगरला रविकांतराव नव्हते, वारले म्हनं. लॅब आता त्यांची लेक चालवती, प्रेमला नाव तिचं. भिंतीवर मान्यतेचा कागद, काचा लख्ख. तिनं शिक्क्यावर बोट फिरवलं.

"बाबांची सही आहे. आजी, हा शिक्का टिकला कसा?"

"लोनच्यासारखा. हळदीत."

ती हसली. आतनं एक जाड वही घिऊन आली. ह्या मशीनची मापं कशी जुळवायची ते बापानं पान पान लिहून ठिवलेलं. "पद्धत मिळाली. बुधवारी या. पण मशीन चुकत असेल तर तसंच लिहीन हं. सांभाळून घेणार नाही."

"सांभाळून घेनारीचा कागद आमाला नकोच," अश्विनी म्हनली. पन तिचा हात माझ्या दंडावर आवळला.

बुधवारी कागद मिळाला. बाकी सगळं बरोबर, फक्त सगळ्यात वरची रेंज वापरू नये, असं लिवलेलं.

"माझा डावा गुडघाबी असाच हाय," म्या म्हनलं. "जिना सोडून बाकी सगळं चालतं."

गुरुवारी साहेब आला. कागद दोनदा वाचला. "वरची रेंज लागते का तुम्हाला?"

"न्हाई साहेब, तुमच्या कार्डाला तिथवर जावंच लागत न्हाई."

त्यानं सही केली. मंग चष्मा सारून मशीनची पाठ बघितली. "आणि हा पिवळा डाग कसला?"

"ती घरची मान्यता," अश्विनी म्हनली. त्या दिवशी पोरगी तीन भाकरी जेवली.

असं झालं बगा. आता बायडाबाई समोरच बसलीया आन् डोळे वटारतीया, म्हनून एक कबूल करते. लेप तिनं न्हाई दिला, मीच द्यायचे. तेवढं एक रचलेलं. कंडक्टरचं मातर खरं हाय, तिकीट अजून डब्यात हाय.