आडवा हो, म्हणजे जमेल

मामाशी हात मिळवायचं लोक टाळायचे. तोंडावर कुणी काही बोलत नसे, पण मामाचा हात पुढे आला की समोरच्याला नेमकं तेव्हाच खिशात काहीतरी शोधायचं असायचं. मामा रुग्णालयाच्या शवागारात कामाला होता. गेलेल्या माणसाचं अंग पुसायचं, दाढी करायची, केस विंचरायचे, घरच्यांनी आणलेले कपडे चढवायचे आणि मग दार उघडून घरच्यांना आत बोलवायचं. "मामाच्या हाताखालून गेलेला माणूस जाताना तरी साहेब दिसतो," असं वॉर्डबॉय म्हणायचे.

त्याच्या थोरल्या बहिणीचा नवरा गेला, तेव्हा भावोजींनाही त्यानेच तयार केलं होतं. घरात चांगला सूट एकच होता. तो भावोजींबरोबर गेला.

म्हणून वर्षभराने भाच्याला मुलाखतीला बोलावलं, तेव्हा घालायचं काय हा प्रश्न पडला. विमा कंपनीतली जागा होती आणि फोनवरच्या बाईंनी बजावलं होतं, कोट आणि टाय हवाच. कोट शेजाऱ्यांनी दिला. टाय वडिलांचा, कपाटात मागे राहिलेला. पण गाठ ना भाच्याला येत होती, ना त्याच्या आईला.

"मामाला येते," ताई म्हणाली आणि तिने कपाटाचं दार लावून घेतलं.

मामाची खोली दोन गल्ल्या सोडून होती. भाचा सकाळी दारात उभा राहिला तेव्हा मामा हसलाच.

"अरे, या कोटात तुझ्यासारखे दोघे मावतील."

"मग तू पण चल मुलाखतीला. एकाला तरी घेतील."

मामाने त्याला उजेडात उभं केलं, टाय गळ्यात घातला आणि थबकला. डावं टोक वर घेतलं, खाली घेतलं. पुन्हा सोडलं. बोटांना काही आठवेना. भाच्याचा श्वास मनगटाला लागत होता, गळ्यातला कंठमणी खालीवर होत होता. मामाला अशा हलणाऱ्या गळ्याची सवयच नव्हती.

"काय झालं, मामा?"

"उभ्याने नाही जमत रे. आडवा हो, म्हणजे जमेल."

भाच्याला हसू फुटलं. पण घड्याळ पुढे सरकत होतं. तो कॉटवर उताणा पडला आणि हसू दाबायला त्याने डोळे मिटून घेतले.

मग मामाचे हात आपसूक चालू लागले. गाठ एका झटक्यात बसली. कॉलर उलटून सपाट झाली. बटणं खालून वर लागत गेली. कोटाची बाही ओढून शर्टाची कड बोटभर बाहेर काढली. भांग पाडला. ढगळ कोट पाठीखाली दुमडून घेतला, तसा तो अंगावर शिवल्यासारखा बसला. भाच्याचे दोन्ही हात उचलून मामाने छातीवर एकावर एक ठेवले आणि तळहात त्याच्या पापण्यांवरून अलगद फिरवला.

"चला, झालं. आता कसली घाई नाही."

प्रत्येकाला तो हेच म्हणायचा. ते शब्द आपल्या तोंडून गेले, हे त्याला ऐकू आल्यावर कळलं. त्याने खाली पाहिलं. तेच रुंद कपाळ, तीच हनुवटी. कॉटवर भावोजी पडले होते, पंचवीस वर्षांनी लहान होऊन. मामा छातीकडे बघत राहिला. ती हलत होती का? त्याला सांगता येईना.

दारात काहीतरी पडल्याचा आवाज झाला. भाचा रुमाल घरीच विसरला होता, तो द्यायला ताई आली होती. ती दाराची चौकट धरून खाली बसत होती आणि तिची पर्स पायाशी पडली होती.

"ऊठ," ती म्हणाली. "ऊठ आधी. ऊठ रे!"

भाचा धडपडत उठला. "आई, अगं, टाय बांधत होता मामा..."

तिने त्याला ओढून उभं केलं आणि आधी टाय सोडला. सुटत नव्हता, तरी नखांनी ओरबाडावा तसा सोडला. मग कोटाची बटणं काढली, दोन्ही हातांनी केस विस्कटले. भाचा मुकाट उभा राहिला. ती थांबली तेव्हा धापा टाकत होती.

"त्यांनाही असंच केलंस?" तिने भावाकडे न बघता विचारलं.

"हो."

"मला इतके महिने हेच डोळ्यांसमोर येतं. बाकीचे लोक सांगतात, तिथे कोट मागून कापतात म्हणून. अंग ताठ झालेलं असतं, चढत नाही म्हणून." तिने आता भावाकडे पाहिलं. "त्यांचा कापलास?"

"सगळ्यांचे कापतो, ताई," मामा म्हणाला. "त्यांचा नाही कापला. खूप वेळ लागला. हात चोळत बसलो त्यांचे, पण कात्री नाही लावली."

भाचा दोघांकडे बघत राहिला.

तो तसाच गेला, टायविना, उघड्या गळ्याने. टेबलापलीकडे तिघं बसली होती. त्यांतल्या बाईंनी विचारलं, "तुम्हाला टाय घालून यायला सांगितलं होतं ना?"

"बांधला होता, मॅडम. आईने सोडला," तो म्हणाला. बोलताना त्याचा हात पुन्हा पुन्हा गळ्याकडे जात होता. गाठ अजून तिथेच असल्यासारखी वाटत होती. ती नोकरी त्याला मिळाली नाही. पुढे महिन्याभराने एका गोदामाच्या कचेरीत मिळाली. तिथे कुणी कोट घालत नसे.

पण ताईची झोप उडालीच होती. मुलगा झोपला की ती त्याच्या उशाशी जाऊन श्वास ऐकायची. आणि मामा शवागारात प्रत्येकाला तयार करून झाल्यावर उगाच थांबायचा, छातीकडे बघत. हलणार नाही हे माहीत असून.

एका दुपारी ताई शवागाराच्या दारात उभी राहिली. इतक्या वर्षांत ती कधी तिकडे फिरकली नव्हती, नवरा गेला तेव्हाही नाही.

"कुठे होते ते? मला दाखव."

मामाने तिला आत नेलं. टेबल रिकामं होतं, नुकतंच धुतलेलं. वरच्या खिडकीतून ऊन थेट त्यावर पडत होतं. ताईने आधी एक बोट टेकवलं, मग पूर्ण तळहात.

"गार असेल असं वाटलं होतं," ती म्हणाली.

"दुपारी ऊन येतं इथे. तेही दुपारीच होते इथे."

बराच वेळ तिने हात काढला नाही. मग तोच हात तिने भावाच्या हातात दिला, आणि दोघं तशीच उभी राहिली.