राजभाषा

फाटकाला आडवी बांधलेली निळी दोरी ताईंनी हाताने वर केली आणि त्या वाकून आत शिरणार, तेवढ्यात शिंपी मास्तर अंगणातून धावत आला.

"बाई, थांबा. शिक्का राहिला."

"कसला शिक्का?"

"प्रवेशाचा. ही सरहद्द आहे ना."

ताईंनी बॅग खाली ठेवली. जकात खात्यात त्यांची उभी हयात गेली होती. बोटीतून उतरणाऱ्या माणसाच्या नुसत्या चालीवरून त्या त्याच्या बॅगेतला माल ओळखत. आणि आज त्यांच्याच वडिलांनी बांधलेल्या घराच्या फाटकात हा वरच्या मजल्यावरचा भाडेकरू, गळ्यात मोजपट्टी अडकवून, त्यांच्या मनगटावर जांभळा शिक्का उमटवत होता. त्यांनी उमटवू दिला. संशयिताला आधी मोकळं सोडायचं, हा त्यांचा जुना शिरस्ता.

व्हरांड्यात धाकटा भाऊ उभा होता. अंगात अस्तराच्या कापडाचं निळं जाकीट, राष्ट्रीय पोशाख म्हणे.

"सावा रुमी!" तो म्हणाला. आवाज तोच, खणखणीत, रेडिओवर वर्षानुवर्षं बातम्या सांगितलेला. फक्त ताईंकडे बघून झालं की त्याची नजर लगेच मास्तरकडे वळत होती.

"अध्यक्ष म्हणतात, स्वागत असो," मास्तर म्हणाला.

"त्याला तोंड आहे."

"राजभाषा तेवढीच बोलतात ते. परकी भाषा त्यांना वर्ज्य आहे."

परकी! वर्षभर हा माणूस फोनवर 'अध्यक्ष कामात आहेत' सांगून ताईंची बोळवण करत होता. सुरुवातीला त्यांना हसू आलं होतं. एकटा माणूस, निवृत्तीनंतर घरालाच देश म्हणायचं खूळ. मग मात्र पाल चुकचुकली. घर दोघा भावंडांच्या नावावर होतं.

संध्याकाळी स्वयंपाकघरात लोकसभा भरली. शेजारच्या नर्सबाई आरोग्यमंत्री, कोपऱ्यावरचे म्हातारे ट्रामचालक दळणवळणमंत्री, मास्तर परराष्ट्रमंत्री. सगळ्यांनी उभं राहून राष्ट्रगीत गुणगुणलं. त्याला शब्द नव्हते, नुसती चाल. मग अध्यक्षांनी लांबलचक भाषण केलं. मंत्री अधूनमधून माना डोलवत होते.

"अध्यक्ष म्हणतात," मास्तरने अनुवाद केला, "वरचा मजला, खालचा मजला हा भेद आजपासून रद्द."

ताईंनी भावाच्या खोलीत जाऊन पाहिलं. पलंगाशेजारी मास्तरचं अंथरूण होतं. म्हणजे स्वारी वरून खाली उतरलीसुद्धा.

"पुरता गुंडाळलाय त्याला," त्यांनी मुलाला फोनवर सांगितलं. "परवा वकिलांना घेऊनच ये."

दुसऱ्या दिवशी त्या काही न बोलता नुसत्या कान देऊन बसल्या. आणि दुपारी त्यांना हवं ते सापडलं. काल भावाने किटलीला 'तिरको' म्हटलं होतं, आज म्हणत होता 'लुंबा'. खिडकी सकाळी 'मेंदल' होती, जेवताना 'पायरी' झाली. आणि मास्तर दोन्ही वेळा निमूटपणे किटलीच पुढे करत होता, खिडकीच उघडत होता. बनावट माल! खोटं बोलणारा एकाच पेटीला दोन नावं देतो, हे ताईंनी किती जणांच्या तोंडावर सिद्ध केलं होतं. भाषा कसली नि काय, आपल्याला फसवण्यापुरता केलेला बनाव.

त्यांनी मास्तरला बाजारात पिटाळलं. दाराला आतून कडी घातली आणि भावासमोर किटली ठेवली.

"हे काय आहे?"

"लुंबा."

"काल तिरको होतं. आता नाटक बस झालं. आपल्या भाषेत सांग."

तो हसला, मान हलवली, दाराकडे पाहिलं.

"दाराकडे बघू नकोस. तो नाहीये. मी विचारतेय. हे काय?"

"ते..." तो म्हणाला. "ते आपलं... पा... पायरी. नाही. पाणी. पाण्याची..." त्याने दोन्ही हातांनी हवेत किटलीचा आकार केला. चोच, मूठ, झाकण, सगळं अचूक. कपाळावर घामाचे थेंब साचले. जाकिटाचं वरचं बटण चाचपत तो पुन्हा पुन्हा तोंड उघडत होता.

ताईंचा हात किटलीवर तसाच राहिला. त्यांनी हळूच खिडकीकडे बोट केलं. मग खुर्चीकडे. स्वतःलाच खोटं ठरवायचं असल्यासारखं.

"ताई," तो म्हणाला. स्वच्छ, पूर्वीच्या सुरात. "ताई, नको."

त्यांनी किटली उचलून पाठीमागे ठेवली. कडी काढायला त्यांना बराच वेळ लागला.

मास्तर बाहेर बाकावर बसला होता. हातात रिकामी पिशवी. बाजारात गेलाच नव्हता.

"कधीपासून?" ताईंनी विचारलं.

"दीड वर्ष झालं. आधी एखादा शब्द अडायचा. दुकानात लोक हसले एकदा, तेव्हापासून बाहेर पडेनात. रात्री उठून दार उघडून बसतात, म्हणून मी खाली झोपतो."

"आणि हा देश? तुमची कल्पना?"

"छे. मला कुठली सुचायला. त्यांचीच. तेव्हा बरंच बोलत होते. म्हणाले, मास्तर, असा देश काढू जिथे मी म्हणेन तोच शब्द." त्याने पिशवीची घडी घातली. "काल तिरको म्हणाले, काल तिरको. आज लुंबा, तर सगळ्यांनी लुंबा. कायदाच आहे तसा."

"मला सांगायचं होतंत."

"तुम्हालाच सांगू नका म्हणाले. ताईने माझ्या बातम्या ऐकल्यात, म्हणाले."

ताई बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसल्या. फोन वाजला. मुलगा होता.

"आई, वकील उद्या सकाळी निघू म्हणतायत. काही सापडलं का?"

"वकील नकोत. तूही येऊ नकोस इतक्यात."

"म्हणजे? मामाचं काय? तू किती दिवस राहणारेस?"

आतून अध्यक्षांनी मोठ्याने हाक दिली, एकच शब्द, बातमीचा मथळा वाचावा तसा खणखणीत. ताईंनी मास्तरकडे पाहिलं.

"हा आम्हालाही नवीन आहे," मास्तर म्हणाला.

फोन तसाच चालू बाकावर ठेवून ताई आत गेल्या, तो कशाकडे बोट दाखवतोय ते बघायला.