झाकणातला अंगठा

"तात्या, डबी द्या की! फुलं काय माझ्यासाठी थांबत्यात व्हय?" प्रगती दारातूनच म्हणाली.

"पंखा बंद कर आन् हलू नगंस," सोपानतात्यांनी मान वर न करताच सुनेला सांगितलं.

डिजिटल कॅमेरा आणि लेन्स यांच्यामध्ये त्यांनी जुना भाता जोडला होता. काळ्या कापडाचा, घड्याघड्यांचा, पट्टीवर मागंपुढं सरकणारा. जितका लांबवावा तितकी वस्तू मोठी दिसते आणि तितकाच उजेड कमी पडतो. बावड्याला स्टुडिओ होता तेव्हा घरातलं माणूस गेलं की लोक ओळखपत्र घेऊन येत. त्यावरचा नखाएवढा चेहरा तात्या याच भात्यानं भिंतीवर लावण्याजोगा करून देत. "फोटोग्राफर म्हणून दिलं मला, हितं तर लोहाराचा भाता!" त्यांची बायको संजीवनी हसायची. रिळं बंद झाली, तसा भाताही माळ्यावर गेला. नव्या कॅमेऱ्याला तो बसावा म्हणून तात्यांनी मुद्दाम पुण्याहून रिंग मागवली होती.

समोर रिळाच्या डबीचं झाकण उताणं ठेवलं होतं. लासुर्ण्याच्या सीताफळाच्या बागेत संजीवनी अशाच डबीत पराग गोळा करायची आणि सकाळी ब्रशनं एकेका फुलाला लावायची. काचेच्या बाटलीत पुडीला पाणी सुटतं, रिळाच्या डबीत सुटत नाही, हा शोध तिचाच. गेल्या हंगामात ती गेली. झाकणात पिवळी पूड राहिली आणि पुडीत अंगठ्याचा ठसा.

यंदा बाग प्रगतीकडं होती. धड अशी एवढीच डबी उरली होती. ठसा पुसला जायच्या आत तात्यांना त्याचा फोटो हवा होता.

"आत्याबाईंचाच हाय का पण?"

"मग कुणाचा? विळा लागला हुता तिला. आडवा वण दिसंल बघ आता."

पहिला फोटो हलला. दुसऱ्याच्या वेळी रस्त्यानं ट्रॅक्टर गेला. तिसऱ्याला तात्यांनी श्वास धरून बटण दाबलं.

पडद्यावर उसाच्या सऱ्यांसारख्या रेषा स्वच्छ उमटल्या. वण कुठंच नव्हता. मधोमध एक गोल कोरी जागा होती.

तात्यांनी आपला अंगठा वर करून पाहिला. तरुणपणी डार्करूममध्ये तापल्या बल्बला लागून तो भाजला होता. तिथं रेषा पुन्हा आल्याच नव्हत्या.

"रोज उघडून बघत हुतो मी," ते म्हणाले. "बोट लागत गेलं."

प्रगती आत आली. "ऱ्हाऊ द्या तात्या. मी वाटी घेती."

"वाटीतली पूड वाऱ्यानं उडती. तुझी सासू वरडली आसती."

त्यांनी झाकण सदऱ्याच्या टोकानं पुसलं, डबीला लावलं आणि गळ्यात अडकवायच्या दोरीसकट डबी सुनेच्या हातात दिली.

"जा. ऊन चढायच्या आत उरक."

ती गेल्यावर त्यांनी एकेक घडी दाबत भाता मिटवला. टेबलावर थोडी पिवळी पूड सांडली होती. उकडत होतं, तरी त्यांनी पंखा लावला नाही.