दातेरी चोच

माझ्या धाकट्या भावाला, श्रीरंगला, मी कानीकपाळी ओरडून सांगितलं होतं: रोप कागदात दाबलंस की तिथल्या तिथे जागा लिही. पण पालथ्या घड्यावर पाणी! "संध्याकाळी तंबूत बसून लिहितो गं, ताई," हे त्याचं ठरलेलं.

अठ्ठ्याहत्तरच्या सप्टेंबरात तो हिमालयात रोपं गोळा करत असताना त्याचं खेचर एकटंच लष्करी ठाण्यावर परतलं, तेव्हा पाठीवरच्या बंडलातला शेवटच्या कागदावर जागा लिहिलेलीच नव्हती. खेचरवाला तापामुळे ठाण्यावरच राहिला होता. श्रीरंग वरच्या कुरणावर गेला की खालच्या, कुणालाच ठाऊक नव्हतं. शोधायला तुकडी एकच, आणि ढग उतरायला लागलेले. रोपावरून जागा ओळखावी म्हणून दुसऱ्या दिवशी हवाई दलाच्या विमानाने ते बंडल अमौसी विमानतळावर आलं आणि तिथून जीपने आमच्या लखनौच्या प्रयोगशाळेत.

"मैडम, अर्जेंट है," म्हणत ड्रायव्हरने ते माझ्या टेबलावर ठेवलं.

शेवटच्या कागदात डोंगरी लव्हाळ्याचे दोन तुरे होते. या लव्हाळ्याचे दोन प्रकार, एक खालच्या ओल्या कुरणातला, दुसरा वरच्या कोरड्या कुरणातला. पानं, उंची, रंग, सगळं सारखं. फळाभोवती इवलीशी पिशवी असते, तिला टोकाशी चोच. खालच्याची चोच गुळगुळीत, वरच्याची दातेरी, आणि तेही फळ पिकल्यावरच कळतं. चिमट्याने मी एकेक पिशवी उलटून पाहिली. अखेर एक पिकलेलं फळ सापडलं. भिंगाखाली दाते स्पष्ट दिसले, आणि माझ्या जिवात जीव आला.

ठाण्यावर फोन सुभेदार जयसिंगांनी घेतला. ते साताऱ्याकडचे. "वरचं कुरण, सुभेदारसाहेब!" मी जवळजवळ ओरडलेच.

ते म्हणाले, "ताई, आत्ताच खबर आलीय. रात्री वरच्या कुरणावर दरड कोसळली. पक्कं ना तुमचं? चुकीच्या जागी गेलो तर परत फिरायला वेळ नाही."

"थांबा," म्हणून मी रिसीवर टेबलावर ठेवला आणि दुसरा तुरा घेतला. गुळगुळीत असू दे, असू दे, म्हणत भिंगावर वाकले. मला खालचंच कुरण हवं होतं. तिथे तो पाय मुरगळून, खेचराला शिव्या घालत बसला असता.

या चोचीलाही दाते होते.

"वरचंच," मी म्हणाले. "पक्कं."

फोन ठेवण्याआधी सुभेदार आपल्या माणसांवर ओरडलेले मला ऐकू आले. "दोर राहू द्या रे, फावडी घ्या!"