भामाबाईंचे निरोप

रेवा पनवेलच्या कॉलेजात कॉमर्सच्या मुलांना संवादशास्त्र शिकवायची. बोलणारा, संदेश, माध्यम, ऐकणारा, प्रतिसाद असे चौकोन फळ्यावर काढून ती ते बाणांनी जोडायची. घरी मात्र ती आणि तिचा नवरा कृष्णकांत दोन वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते.

तळोज्याच्या कंपनीतले त्याचे सहकारी एकदा जेवायला आले होते. त्यांच्यासमोर तो हसत म्हणाला होता, "हिला बोलायला शिकवायचा पगार मिळतो. घरी मात्र फुकट डोकं खाते." त्या दिवसापासून रेवाने त्याच्याशी बोलणं टाकलं. त्यानेही कधी मनधरणी केली नाही.

मग निरोप सासूबाईंच्या तोंडून जाऊ लागले. भामाबाई उरणकडच्या खेड्यातल्या; स्वयंपाकघरातून बाहेरच्या खोलीत त्यांच्या येरझारा चालायच्या. रेवाला टायफॉइड झाला तेव्हा संत्री सोलून देत त्या म्हणाल्या होत्या, "किसनानं आणलीत गो. त्याला लय वाईट वाटतं, पण त्याला बोलाला जमत नाय." रेवाचा राग तेव्हापासून उतरत गेला. फक्त पहिला शब्द कोणी काढायचा, एवढंच उरलं होतं.

पावसाळा सरताना भामाबाई गेल्या. तेरावं झालं, पाहुणे पांगले आणि घरात दोघंच उरली. रेवाने चहाचा कप त्याच्यापुढे ठेवला आणि धीर करून म्हणाली, "माझ्या आजारपणात तुम्ही संत्री आणायचात. मी कधी बोलले नाही, पण लक्षात आहे माझ्या."

कृष्णकांतने वर पाहिलं. "संत्री? मी नाही आणली. आई जायची बाजारात."

रेवा खुर्चीत बसली. तिने एकेक निरोप आठवून विचारला. त्यातला एकही त्याने दिला नव्हता. मग तोच चाचरत म्हणाला, "कंपनीत गॅस गळला, त्या दिवशी मी घरी येईपर्यंत तू रडत होतीस. आई म्हणाली होती."

खोटं बोलणं सोपं होतं. एक 'हो' म्हटलं असतं तर कदाचित सगळं निभावलं असतं. पण त्या दिवशी आपण निवांत पेपर तपासत बसलो होतो, हे रेवाला स्वच्छ आठवत होतं, आणि त्याने आत्ताच इतक्या सहज नाही म्हटलं होतं.

"नाही," ती म्हणाली. "मी नव्हते रडले."

त्याने मान हलवली आणि चहा संपवला.

दिवाळीनंतर रेवाने कळंबोलीत स्वतःपुरती वेगळी खोली घेतली. टेम्पोत ट्रंक चढवायला कृष्णकांतने हात लावला. दोघं आता बोलत होती; दोरी घट्ट बांधा, काचेचं सामान वर ठेव, एवढंच.