चौदा दिवसांची हजेरी

हवालदार मोतीराम बोडके रिटायर झाला तेव्हा फौजेने त्याच्या हातात दोन कागद ठेवले. एकावर लिहिलं होतं की वर्तणूक उत्कृष्ट. दुसऱ्यावर लिहिलं होतं की याच्या हृदयाच्या आजाराशी नोकरीचा काही संबंध नाही. पहिला कागद त्याने सिन्नरच्या घरात भिंतीवर लावला. दुसऱ्याशी तो नऊ वर्षं भांडत होता.

भांडण पैशासाठी होतं, नाही असं नाही. गोळ्या महाग असतात. पण मोतीरामला खरा राग होता तो त्या 'संबंध नाही'चा. राजस्थानातल्या फायरिंग रेंजवर, मे महिन्यात, ड्युटीच्या कपड्यांत तो छाती धरून खाली बसला होता. तरी कुणीतरी खुर्चीवर बसून लिहितो की आजार तुझा तू आणलास. दोन वेळा त्याने अपील केलं, दोन्ही वेळा तेच उत्तर आलं. आता तिसरं आणि शेवटचं चालू होतं.

फौजेत हृदयाच्या आजाराचा एक नियम आहे. झटका यायच्या आधीच्या चौदा दिवसांत माणसाने काय काम केलं, ते युनिटने लिहून द्यायचं. काम ताणाचं, कष्टाचं असेल तर आजार नोकरीने दिला असं धरतात आणि अपंगत्वाची पेन्शन मिळते. ते चौदा दिवस आरामाचे असतील तर हात झटकून मोकळे. युनिटने नेमकं काय लिहून दिलंय, ते मोतीरामने कधी पाहिलंच नव्हतं. त्याच्या मुलीने, सायलीने, माहितीच्या अधिकारात अर्ज टाकला तेव्हा कुठे तो तक्ता पाकिटातून घरी आला.

सायलीने तक्ता वाचला, पुन्हा वाचला.

"अण्णा, तुम्ही चौदाही दिवस रेशन स्टोअरला होतात असं लिहिलंय. हलकं काम. दारूगोळा उतरवायला बहिरूकाका होते."

मोतीरामला हसू आलं. त्याच्या डोक्यातला नऊ वर्षांचा गुंता त्या एका वाक्यात सुटला होता.

"आसंच लिव्हलं आसन," तो म्हणाला. "हजेरी मीच दिली ना त्याच्या नावानं."

मग बहिरू अडकू नये म्हणून वकिलांपासूनही लपवलेलं ते त्याने मुलीला पहिल्यांदा सांगितलं. बहिरू उगले त्याच्याबरोबर भरती झालेला, शेजारच्या गावचा. ज्या महिन्यात रेंजवर फायरिंग होतं, त्याच महिन्यात बहिरूच्या भावांनी जमिनीची वाटणी काढली. बहिरू नसता तर त्याच्या वाट्याला खडक आला असता. सुट्टी मागितली, मिळाली नाही. तेव्हा मोतीराम म्हणाला, तू जा, मी बघतो. सकाळी रेशन वाटायचं आणि दहाच्या पुढे बहिरूच्या जागी उभं राहून तोफगोळ्यांच्या पेट्या उतरवायच्या. हजेरीला बहिरूचं नाव पुकारलं की मोतीरामने ओ द्यायची. सुभेदारसाहेबांनी डोळ्यांवर कातडं ओढलं. पलटणीत असं चालतं, एकमेकांसाठी माणसं याहून मोठ्या गोष्टी करतात. चौदाव्या दिवशी दुपारी मोतीराम कोसळला आणि त्याच संध्याकाळी बहिरू परत आला.

"सुभेदारसाहेबांना विचारता येईल?" सायलीने विचारलं.

"ते वारले. पण बहिरू हाय ना. त्यो लिहून देईन. त्याला काय लागतं?"

दुसऱ्याच दिवशी बसने तो देवळाली कॅम्पला गेला. बहिरूने तिथे घर बांधलं होतं, पुढे छोटं दुकान काढलं होतं. दोन्ही अपिलं टाकताना हाच बहिरू मोतीरामबरोबर आला होता. रांगेत उभा राहिला होता, साहेबांना शिव्या घातल्या होत्या, परतताना स्वतःच्या खिशातून मिसळ खाऊ घातली होती. सायलीने टाईप केलेलं प्रतिज्ञापत्र त्याने हातात घेतलं, चष्मा लावून वाचलं आणि गल्ल्याखाली ठेवलं.

"ठेव. वकिलाला दाखवतो न् मंग सही करतो."

"वकिलाला कशाला? खरं तर हाय."

"तसं नाय मोत्या. कागद हाय, नीट पाहावं लागतं."

नीट पाहायला तीन आठवडे गेले. फोन केला की बहिरू गाडी चालवत असायचा, नाहीतर लग्नात असायचा. लग्नाची तीथ नव्हती तेव्हाही लग्नात असायचा. सायलीला काय ते कळलं होतं, पण बापाला सांगायची तिची हिंमत झाली नाही. मोतीराम म्हणायचा, त्याला दुकानाचा लय व्याप हाय.

मंगळवारी तो न सांगता गेला. दुकानात बहिरू नव्हता. त्याची बायको सविता बाहेर आली, मोतीरामला घरात बसवलं, चहा ठेवला. चहा गाळता गाळता तिचे डोळे भरून आले.

"भाऊ, एक मागू? रागावणार नाही ना?"

"मागा वहिनी."

"त्या कागदाचा हट्ट सोडा. त्यांची कमरेची पेन्शन बंद होईल हो. त्याच दिवसांवर मिळालीये ना ती."

मोतीरामला आधी काही कळेना. कमरेची पेन्शन कसली? बहिरूची कंबर तर गावाकडे गेली होती. विहिरीतून मोटर ओढताना दोर सुटला आणि तो पडला, हे त्याने स्वतःच हॉस्पिटलात येऊन सांगितलं होतं.

सविताला वाटत होतं की मोतीरामला सगळं ठाऊक आहे. ती बोलत गेली. रेंजवर पेट्या उतरवताना पडलो, असा रिपोर्ट बहिरूने दिला. हजेरीत चौदा दिवस त्याचं नाव होतंच, कुणी शंका घेतली नाही. पहिल्याच फटक्यात मंजूर झालं. मोतीराम तेव्हा मिलिटरी हॉस्पिटलात नळ्यांमध्ये पडला होता आणि बहिरू रोज येऊन त्याला चमच्याने पेज भरवत होता. मोतीरामने मनातल्या मनात दिवस मोजले. सकाळी रिपोर्ट लिहून दुपारी तो पेज भरवायला आला होता.

त्याने चहाला हात लावला नाही. छातीत दुखत नव्हतं, पण आतून काहीतरी उपटून काढावं तसं झालं. साहेबांनी फसवलं असतं तर तो ओरडला असता. इथे ओरडायचं कुणावर, तेच त्याला कळेना.

बहिरू आला तो दारातच थांबला. बायकोचं तोंड पाहून त्याला उमगलं.

"नऊ वर्षं माझ्यासंगं रांगेत हुभा राह्यला तू," मोतीराम म्हणाला. "तुला ठावं व्हतं मला काहून नाय म्हणत्यात."

"मला वाटलं तुझं व्हईन कसंतरी."

"कसं व्हईन? माझे दिवस तुझ्याकडं व्हते."

बहिरू खाली बसला. म्हणाला, पोरं लहान होती, कंबर खरंच गेलेली होती, सगळेच करतात. मग आवाज उतरवून म्हणाला, "मोत्या, निम्मे तुझ्या खात्यावर टाकीत जाईन. दर महिन्याला. आईची शपथ."

मोतीराम आयुष्यात इतका कधी संतापला नव्हता. याच्यासाठी त्याने पेट्या वाहिल्या, याच्यासाठी नऊ वर्षं वकिलांपुढे तोंड शिवून बसला आणि आता हा त्याला त्याच्याच काळजातला अर्धा वाटा द्यायला निघाला होता. त्याने गल्ल्याखालून आपला कागद काढला. त्यावर सही नव्हती, चहाचा गोल डाग होता.

"वहिनी, येतो," एवढंच म्हणून तो निघाला.

दोन दिवस त्याने तो डागाचा कागद उशाखाली ठेवला. गुरुवारी संध्याकाळी सायलीजवळ येऊन बसला.

"नवीन लिही. माझ्या नावानं."

"काय लिहू?"

"आधी हे लिही का मी खोटी हजेरी दिली. चौदा दिवस. मंग बाकीचं."

सायलीचे हात थांबले. "अण्णा, तुमच्यावरच उलटेल. भिंतीवरच्या त्या शेऱ्याला काही अर्थ राहणार नाही. अपीलही जाईल कदाचित."

"जाऊ दे. ते दिवस माझे व्हते, येवढं कुठंतरी लिव्हलेलं पाहिजे."

"काकांची पेन्शन बंद होईल. वसुलीही लावतील."

सविताचा चेहरा मोतीरामच्या डोळ्यांपुढे आला, ती चहा गाळत होती. त्याचं मन क्षणभर मागे सरलं. मग त्याने मान हलवली, लिही म्हणून.

ती लिहीत गेली आणि तो सांगत गेला. रेंज, पेट्या, ऊन, सुभेदारसाहेब, विहिरीची मोटर. बहिरूच्या नावापाशी ती पुन्हा अडली. त्याच्याविषयी सांगायचं तर ओळख कधीपासूनची, ते प्रतिज्ञापत्रात लिहावं लागतं.

"बहिरूकाकांना कधीपासून ओळखता, काय लिहू?"

भरतीच्या मैदानापासूनची अठ्ठावीस वर्षं मोतीरामच्या ओठांवर आली होती. ती त्याने गिळली.

"परवापासून," तो म्हणाला.