एकदाच फिरवा

मित्रांनो, मी एक जुनं स्टीलचं पेन आहे. पोटात लाल रिफिल, आणि काम एकच, खोडायचं.

धुळ्यात एका मेडिकल कॉलेजातल्या पितांबर सरांच्या खिशात माझी सोळा वर्षं गेली. विद्यार्थी प्रोटोकॉल लिहून आणत, म्हणजे कुणाला, कसं आणि कशासाठी तपासणार याचा आराखडा. सर तो माझ्याकडून खोडून घेत. पोरं मला घाबरत. खरं सांगायचं तर मला ते आवडायचं.

भूमिका नावाच्या विद्यार्थिनीचा प्रोटोकॉल मी तीनदा लालेलाल केला. पिंपळनेरच्या वरच्या अंगाला एका गावात किती मुलांना रक्त कमी आहे, हे तिला शोधायचं होतं.

"घरं कशी निवडणार? चहा मिळेल ती?" सर खेकसले. "गावाच्या मधोमध पेन फिरवा. टोक जिकडे, तिकडची घरं. हे घ्या, हेच फिरवा. शनिवारी धड काही आणलं नाही, तर विषय दुसऱ्याला."

गावातल्या पारावर तिने मला फिरवलं. मी गरगरलो आणि थांबलो ते टेकडीवरच्या पाड्याकडे तोंड करून.

"मॅडम, तिकडे गाडी जात नाही," जीपवाला लीलाधर करवादला. "परत फिरवा!"

तिने फिरवलं. मीही हट्टी, पुन्हा पाडाच दाखवला. मग त्याने मला बुटाच्या टोकाने डांबरी रस्त्याकडे वळवलं. भूमिकाने मला उचललं आणि त्याच रस्त्याने निघाली. असा राग आला मला तिचा!

रस्त्याकडची घरं पक्की, पोरं गुबगुबीत. पहिल्याच ओट्यावर पुष्पाबाई कमरेवर हात ठेवून उभी. "बठ्ठा साहेबलोक आठेच येतस. तठे वर जाले पाय दुखतस का?" सगळे साहेब इथेच येतात, वर कुणीच जात नाही, असा तिचा टोमणा.

तरी वीस फॉर्म भरले गेले.

शनिवारी सरांनी ते चाळले. सोळा वर्षांत पहिल्यांदा मला न उघडता म्हणाले, "चांगलं आहे."

भूमिकाने फॉर्म स्वतःकडे ओढले. "सर, पेन दोनदा फिरवलं. तिसऱ्यांदा बुटाने ढकललं." तिने मला उचललं आणि स्वतःच्या हाताने वीसही फॉर्म खोडले.

"मग इथे कशाला उभ्या आहात?" सर ओरडले. "चालायला लागा!"

ती टेकडी पायी चढली. पाड्यावरच्या पहिल्या घरात बेबाबाई नावाच्या आजीने बसायलाही सांगितलं नाही. "आते आठवन उनी का?" एवढंच म्हणाली, आणि नातवाचा हात पुढे केला. त्याची नखं कागदासारखी पांढरी होती.

मित्रांनो, आता माझी रिफिल सुकली आहे, टोपण हरवलं आहे. त्याचं काही नाही. फक्त मला फिरवाल तेव्हा एकदाच फिरवा, आणि मी दाखवेन तिकडे जा.